अंडरव्होल्ट केल्यावर लॅपटॉप परत परत स्लो होतोय? माझ्याकडे सापडलेली कारणं

मी गोव्यात म्हार्दोळला राहतो, जत्रेतली नाटकं आणि घुमट आरत्या (घुमट म्हणजे मातीचं एक वाद्य) शूट करून एडिट करतो, आणि माझं सगळं काम एकाच लॅपटॉपवर चालतं. लॅपटॉप २०१९चा, प्रोसेसर इंटेल आय७-९७५०एच, म्हणजे ६ कोर १२ थ्रेड, बेस स्पीड २.६ गिगाहर्ट्झ आणि टर्बो ४.५ पर्यंत, पण सहाही कोर एकदम कामाला लागले की जास्तीत जास्त ४.०. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे जी दमट गरमी असते त्यात हा लॅपटॉप रेंडरला लावला की ९५ डिग्रीच्या वर जायचा आणि फॅनचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू यायचा, म्हणून थ्रॉटलस्टॉप नावाचा प्रोग्राम टाकून अंडरव्होल्ट केला, म्हणजे प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज थोडं कमी केलं. वजा १२५ मिलिव्होल्ट. टेंपरेचर १०-१२ डिग्रीने उतरलं, स्पीड वाढला, मी खूश.

आणि मग दोन-तीन आठवड्यांनी परत स्लो. रिस्टार्ट केला की ठीक, चार दिवसांनी परत स्लो. असं वर्षभर चाललं, आणि प्रत्येक वेळी मी अंडरव्होल्टला दोष देऊन आकडा कमीजास्त करत बसलो. शेवटी कळलं की हा एक प्रॉब्लेम नव्हताच, वेगवेगळी कारणं एकाच तोंडाने समोर येत होती. ज्यांना हाच त्रास होतोय त्यांनी माझ्यासारखं वर्ष घालवू नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी एक काम करा, आपल्या रोजच्या कामातला एक ठरावीक तुकडा मोजमापाला ठेवा. माझ्याकडे ४ मिनिटांची घुमट आरतीची एक क्लिप आहे, फुल एचडी, ती मी प्रत्येक वेळी त्याच सेटिंगने रेंडर करतो आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावतो, ग्राफिक्स कार्डाची मदत बंद ठेवून, म्हणजे सगळा भार प्रोसेसरवरच पडतो. अंडरव्होल्टच्या आधी ३ मिनिटं १० सेकंद लागायचे, नंतर २ मिनिटं ४० सेकंद. हा आकडा हाताशी असला की "स्लो वाटतंय" आणि "स्लो आहे" यातला फरक लगेच कळतो. टास्क मॅनेजरमधल्या गिगाहर्ट्झवर एकट्यावर भरवसा ठेवू नका, का ते पुढे भाचीच्या लॅपटॉपच्या गोष्टीत सांगतो.

आता मुळात अंडरव्होल्टने स्पीड का वाढतो ते थोडक्यात, कारण हे कळलं नाही तर बाकीचं नुसतं बटणं दाबणं होतं. प्रोसेसर जी वीज खातो ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्याच क्लॉकवर, म्हणजे गिगाहर्ट्झ तेवढेच ठेवून, १.१० व्होल्टचे १.०० केले तर विजेचा तो भाग साधारण १७ टक्के कमी होतो. आणि लॅपटॉपला वॅटची मर्यादा असते, माझ्या प्रोसेसरला ४५ वॅट, जिला पीएल१ म्हणतात. सुरुवातीचे काही सेकंद, बऱ्याच लॅपटॉपमध्ये २८ सेकंद, त्याला पीएल२ एवढी जास्त वीज मिळते आणि मग तो पीएल१ वर येतो. त्याच ४५ वॅटमध्ये कमी व्होल्टेजवर जास्त क्लॉक बसतो, माझ्याकडे ३.१ च्या जागी ३.५ च्या आसपास. म्हणजे या जुन्या पिढीच्या प्रोसेसरवर अंडरव्होल्ट लागू असेल तर तो स्लो करत नाही, एकतर चालतो नाहीतर निळी स्क्रीन दाखवून बंद पडतो. त्यामुळे स्लो झाला की पहिला प्रश्न "किती मिलिव्होल्ट" हा नसतो, पहिला प्रश्न हा की प्रोसेसरचा हात नक्की कोणी धरून ठेवलाय.

आणि हे सांगणारी खिडकी थ्रॉटलस्टॉपमध्येच असते, लिमिट्स नावाचं बटण. त्यात कोर, जीपीयू आणि रिंग असे तीन उभे रकाने आणि त्यांच्यात छोटे चौकोन असतात: थर्मल, प्रोचॉट, पीएल१, पीएल२, ईडीपी वगैरे. चौकोन लाल म्हणजे ती मर्यादा आत्ता या क्षणी लागू आहे, पिवळा म्हणजे मघाशी लागली होती. क्लिअर दाबायचं, क्लिप रेंडरला लावायची आणि दोन मिनिटं नुसतं बघत बसायचं. मी पहिल्या सहा महिन्यांत ही खिडकी एकदाही उघडली नव्हती याचं मला आज वाईट वाटतं, कारण अर्धी उत्तरं तिथेच होती. फक्त एक लक्षात ठेवा, लांबलचक रेंडरमध्ये पीएल१ लाल दिसला तर तो आजार नाही, वॅटची मर्यादा गाठली एवढाच त्याचा अर्थ. थर्मल लाल असेल तर गरमी, आणि प्रोचॉट लाल असून टेंपरेचर ५०-६० च असेल तर ते प्रकरण वेगळं, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आता माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्लेला प्रॉब्लेम. दर तीन-चार दिवसांनी क्लिपचा वेळ २:४० वरून ३:१० ला जायचा, मे महिन्यात तर ३:२५ पर्यंत, आणि लिमिट्स उघडायला जावं तर थ्रॉटलस्टॉप चालूच नसायचा. खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाच्या शेजारी त्याचा आयकॉन गायब. परत चालू केला की सगळं ठीक, आणि चालू केल्यावर ठीक होतंय म्हणून मी कधी विचारच केला नाही की तो बंद होतोय कसा.

मग त्यातला लॉग फाईलचा पर्याय चालू केला. थ्रॉटलस्टॉप रोजच्या तारखेची एक टेक्स्ट फाईल बनवतो, त्यात ओळीने वेळ, मल्टिप्लायर, टेंपरेचर, व्होल्टेज, वॅट असं सगळं लिहून ठेवतो. आठवडाभराने फाईली उघडल्या. एका फाईलची शेवटची ओळ दुपारी ३ वाजून काही मिनिटांची, पुढे काही नाही. ती वेळ मला आठवत होती, कारण त्या दिवशी पावसाने लाईट गेली होती आणि मी त्याच वेळी वीज खात्याला फोन केला होता, मोबाईलमध्ये कॉलची वेळ बघितली तर तीच. दुसरी एक फाईल रात्री मध्येच तुटलेली, तेव्हा लाईट गेली नव्हती, पण मागे मोजत गेलो तर लॅपटॉप रिस्टार्ट करून बरोबर तीन दिवस झाले होते.

उत्तर होतं टास्क शेड्युलरमध्ये. थ्रॉटलस्टॉप विंडोजबरोबर आपोआप सुरू व्हावा म्हणून आपण सगळे टास्क शेड्युलरमध्ये टास्क बनवतो, आणि तिथे विंडोज आपल्याला न विचारता काही टिकमार्क आधीच करून ठेवतो. कंडिशन्स टॅबमध्ये, लॅपटॉप चार्जरवर असेल तरच टास्क सुरू कर, आणि बॅटरीवर गेला की टास्क बंद कर. सेटिंग्ज टॅबमध्ये, टास्क ३ दिवसांपेक्षा जास्त चालला तर बंद कर. तिन्ही आधीपासून टिक केलेले. आमच्याकडे जून ते सप्टेंबर लाईट जाणं-येणं चालूच, लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर, बॅटरीवर गेला की विंडोज थ्रॉटलस्टॉपला मारून टाकतो. आणि मी लॅपटॉप कधी पूर्ण बंद करत नाही, झाकण लावून झोपवतो, त्यामुळे लाईट गेली नाही तरी तीन दिवस भरले की खेळ खलास.

आता कोणी विचारेल की प्रोग्राम बंद झाला तरी व्होल्टेज बदललेलंच राहतं ना? राहतं, पण लॅपटॉप पुढच्या वेळी झोपेतून उठेपर्यंतच. सॉफ्टवेअरने केलेला अंडरव्होल्ट प्रोसेसरच्या आत कायमचा लिहिला जात नाही, स्लीप, हायबरनेट किंवा रिस्टार्ट झाला की तो पुसला जातो आणि परत लावायला थ्रॉटलस्टॉप चालू असावा लागतो. म्हणून लाईट गेलेल्या दिवशी काही कळायचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं की स्लो. कारण आणि परिणाम यात एक रात्र पडल्यामुळेच मी इतके महिने चकलो.

उपाय दोन मिनिटांचा. त्या टास्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन तिन्ही टिकमार्क काढा, जनरल टॅबमध्ये हायेस्ट प्रिव्हिलेजेसने चालव हे टिक आहे का बघा, आणि ट्रिगरमध्ये लॉगऑननंतर एक मिनिटाचा डिले द्या. डिले का? एखाद्या दिवशी आकडा जास्त खोल गेला आणि लॅपटॉप सुरू होताच निळी स्क्रीन यायला लागली तर टास्क बंद करायला तेवढा एक मिनिट हातात मिळतो. तपासायचं असेल तर थ्रॉटलस्टॉपच्या एफआयव्हीआर खिडकीत, म्हणजे जिथून व्होल्टेज बदलतो तिथे, ऑफसेटचा (व्होल्टेज किती खाली केलंय त्याचा) रकाना बघा, तिथे वजा ०.१२५ च्या आसपास दिसायला हवं. झोपेतून उठवून परत बघा. शून्य दिसलं तर अंडरव्होल्ट उडालाय. त्याच खिडकीत सीपीयू कोर आणि सीपीयू कॅश दोघांनाही ऑफसेट दिलाय ना हेही बघून घ्या, आमच्या या पिढ्यांत दोघांचं व्होल्टेज एकाच लाईनवरून येतं, नुसता कोर खाली केला आणि कॅश शून्यावर ठेवला तर काहीच होत नाही आणि माणूस म्हणतो अंडरव्होल्ट करून फरक पडला नाही.

बाकीची छोटी कारणं भराभर सांगतो. क्लॉक बरोबर बेस स्पीडवर अडकला असेल, माझ्याकडे २.६ वर, तर विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के आहे का बघा. गरमी कमी करायला म्हणून हा उपाय खूप जण करतात, मीही अंडरव्होल्टच्या आधी केला होता, आणि ९९ म्हणजे टर्बो बंद, विसरून जातो आपण. १०० करा. दुसरं, इंटेलचं एक्सटीयू (व्होल्टेज बदलणारा तसलाच प्रोग्राम) आणि थ्रॉटलस्टॉप दोन्ही एकाच लॅपटॉपवर ठेवू नका, दोघं एकमेकांचे आकडे पुसत बसतात, एक काढून टाका आणि रिस्टार्ट करा. तिसरं, लॅपटॉप हळू जागा होतोय, छोटी कामं अडखळतात पण मोठा रेंडर ठीक होतो, तर थ्रॉटलस्टॉपमध्ये स्पीड शिफ्टचा ईपीपी आकडा बघा, प्रोसेसरने जोर लावायचा की वीज वाचवायची हे तो ठरवतो, ० म्हणजे पूर्ण जोर आणि २५५ म्हणजे पूर्ण बचत, चार्जरवर असताना ८० च्या आसपास ठेवला की मला पुरतो. आणि कंपनीचं स्वतःचं कंट्रोल सेंटर असेल तर त्यातला सायलेंट मोड, एका बटणाने लागतो आणि पीएल१ खाली आणून ठेवतो.

बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणारं लॅपटॉपचं मूळ सॉफ्टवेअर, त्याच्या अपडेटचं मात्र थोडं नीट सांगावं लागेल कारण यात अजूनही लोक फसतात. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाचा एक हल्ला जाहीर झाला, बर्मिंगहॅम, ग्राझ आणि लूव्हेनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की सॉफ्टवेअरने व्होल्टेज खाली खेचून इंटेलच्या एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातली गणितं चुकवता येतात आणि त्यातून गुपितं बाहेर काढता येतात. त्याचा नंबर सीव्हीई-२०१९-१११५७. इंटेलने यावर व्होल्टेजचा दरवाजा बंद करण्याची सोय दिली आणि लॅपटॉप कंपन्यांनी बायोस अपडेटमधून ती आणली. त्यामुळे वर्षानुवर्षं चाललेला अंडरव्होल्ट एका अपडेटनंतर एकदम बंद पडतो, एफआयव्हीआर खिडकीत लॉक्ड असं दिसतं आणि ऑफसेट शून्य. माझ्या चुलतभावाच्या लॅपटॉपवर तर विंडोज अपडेटबरोबरच बायोस येऊन बसला, त्याने स्वतः काही केलंही नव्हतं.

जुना बायोस परत टाकता येतो का हे कंपनीवर आहे, काही देतात काही देत नाहीत. पण लपलेली बायोस सेटिंग बाहेरच्या टूलने खणून बदलायचे जे प्रकार लोक सांगतात त्यांच्या नादाला लागू नका असं मी हात जोडून सांगतो, एक आकडा चुकला तर लॅपटॉप परत सुरूच होत नाही. विंडोज ११ वर कोर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय चालू असेल तरी व्होल्टेजला हात लावता येत नाही असं बऱ्याच मशीनवर होतं, ती बंद करता येते, पण ज्या लॅपटॉपवर ऑफिसचं किंवा बँकेचं काम होतं तिथे मी तरी बंद करणार नाही. चुलतभावाला मी वेगळा मार्ग दिला: सगळ्या कोरचा टर्बो मल्टिप्लायर ४० वरून ३६ वर आणला. व्होल्टेज आपोआप खाली आलं, गरमी उतरली, आणि त्याच्या कामात कळण्याएवढा फरक पडला नाही.

आता ०.७९ गिगाहर्ट्झ. हा आकडा ज्याने बघितलाय त्यालाच माहिती पोटात कसा गोळा येतो. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, चवथीला (गणेश चतुर्थीला) बारा दिवस, आरत्यांचे सात व्हिडिओ पेंडिंग, आणि लॅपटॉप सकाळी उघडला तर माऊसचा बाणसुद्धा उड्या मारत चालतोय. टास्क मॅनेजर बघितला, ०.७९. क्लिप रेंडरला लावली, साडेअकरा मिनिटं. साहजिकच मी अंडरव्होल्ट काढला, काही नाही. विंडोज नव्याने टाकला, अख्खी रात्र गेली, काही नाही. म्हापशाला एका दुकानात नेला, त्यांनी पंधरा मिनिटं बघून सांगितलं बोर्ड गेला, साडेबारा हजार होतील. मी लॅपटॉप उचलून परत आणला, पैसे नव्हते म्हणून नाही, पण बोर्ड गेलेला लॅपटॉप इतका शांतपणे कसा चालेल हे मला पटेना.

०.७९ म्हणजे काय बघा. मल्टिप्लायर ८, बेस क्लॉक सुमारे १०० मेगाहर्ट्झ, ८ गुणिले १०० म्हणजे ८०० मेगाहर्ट्झ, हा या प्रोसेसरचा सगळ्यात खालचा गिअर. प्रोसेसर बिघडला म्हणून तिथे जात नाही, कोणीतरी त्याला सांगतं की थांब, म्हणून जातो. लिमिट्स खिडकीत बीडी प्रोचॉट लाल होता आणि टेंपरेचर ४८. प्रोचॉट म्हणजे प्रोसेसर स्वतः तापला की वाजणारी घंटा, आणि बीडी म्हणजे ही घंटा दोन्ही बाजूंनी वाजवता येते, बाहेरचा एखादा पार्टसुद्धा, ग्राफिक्स कार्ड, पॉवरचं सर्किट, चार्जिंगचं सर्किट, ती वाजवू शकतो. घंटा वाजली की प्रोसेसर विचारत नाही कोणी वाजवली, सरळ खालच्या गिअरवर जातो.

मग मी एक साधी गोष्ट केली, चार्जर काढला आणि बॅटरीवर लॅपटॉप सुरू केला. ३ गिगाहर्ट्झच्या वर. चार्जर लावला, दोन सेकंदांत ०.७९. म्हणजे घंटा चार्जरच्या बाजूने वाजत होती. बायोसमध्ये गेलो, तिथे अ‍ॅडॉप्टरपुढे १३० वॅट दिसायला हवं होतं तिथे अननोन. काही कंपन्यांच्या गोल पिनच्या चार्जरमध्ये मधोमध सुईसारखी एक बारीक पिन असते, तिच्यातून चार्जर लॅपटॉपला सांगतो की मी किती वॅटचा आहे. ती पिन बोलली नाही तर लॅपटॉप समजतो की हा कुठलातरी लहान चार्जर आहे, जास्त वीज ओढली तर जळेल, आणि प्रोसेसरला दाबून ठेवतो, बऱ्याचदा बॅटरीही चार्ज करत नाही.

मोबाईलची टॉर्च तिरकी धरून बघितलं तर चार्जरच्या तोंडात त्या बारीक पिनच्या बुडाशी हिरवट काळा थर. पितळेच्या जुन्या समईच्या खोबणीत जसा हिरवा साचतो तसाच. अडीच महिन्यांचा पाऊस, भिंतीला ओल, चार्जर खिडकीपाशी जमिनीवर पडलेला, काय होणार दुसरं. लॅपटॉप बंद केला, चार्जर भिंतीतून काढला, टूथपिकला कापूस गुंडाळून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून हलक्या हाताने पुसलं, दोनदा, आणि अर्धा तास सुकू दिलं. पिन वाकवू नका, ती केसासारखी मोडते. परत लावला, बायोसमध्ये १३० वॅट, क्लिप २ मिनिटं ४१ सेकंद. सातही व्हिडिओ चवथीच्या आधी गेले.

पिन आतून तुटली असेल तर पुसून काही होणार नाही, चार्जर बदलावा लागतो, आणि घेताना वॅट तेवढेच बघून घ्या. टाईप-सी चार्जरवाल्यांनीही हेच बघायचं, गेमिंग लॅपटॉपला ६५ वॅटचा टाईप-सी लावला तर तो चालतो पण दाबून चालतो. थ्रॉटलस्टॉपमध्ये बीडी प्रोचॉटचं टिक काढून ही घंटा बंद करता येते आणि स्पीड लगेच परत येतो, खूप जण हाच उपाय म्हणून सांगतात. मी तो फक्त पाच मिनिटं निदानासाठी वापरतो. टिक काढल्यावर स्पीड आला म्हणजे घंटा बाहेरून वाजत होती एवढं सिद्ध होतं, बस, परत टिक करा. ती घंटा खरोखर पॉवरचं सर्किट तापतंय म्हणून वाजत असेल आणि तुम्ही ती कायमची बंद करून ठेवली, तर बोर्ड खराच जाईल.

नवीन लॅपटॉपवाल्यांसाठी आता भाचीची गोष्ट, कारण वर मी म्हटलं की अंडरव्होल्ट स्लो करत नाही ते जुन्या पिढीचं झालं. भाची पणजीला आर्किटेक्चर करते, तिचा लॅपटॉप इंटेलच्या तेराव्या पिढीचा एचएक्स. माझं बघून तिने बायोसमधूनच वजा १५० दिलं आणि रविवारी घरी आली ती तक्रार घेऊनच.

"मामा, टेंपरेचर वीस डिग्रीने उतरलं, गिगाहर्ट्झ पहिल्याएवढेच दाखवतो, तरी रेंडर नऊ मिनिटांचा तेरा मिनिटांवर गेला."

"वॅट किती घेतो गो तो?"

बघितलं तर वॅटही खूपच उतरले होते, अंडरव्होल्टने उतरावेत त्यापेक्षा कितीतरी जास्त. गरमी कमी झाली होती ती काम कमी झालं म्हणून. नवीन पिढ्यांत इंटेलने सीईपी नावाची एक राखण आणलीय, करंट एक्सकर्शन प्रोटेक्शन. व्होल्टेज अपेक्षेपेक्षा खाली दिसलं की ती प्रोसेसर क्रॅश होऊ देत नाही, क्लॉकचे ठोके लांबवते, आणि आकडा तोच दाखवत असताना काम कमी होतं. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, फक्त वेळ वाढतो, म्हणूनच मी सुरुवातीला स्टॉपवॉचबद्दल एवढं बोललो. तिच्या बायोसमध्ये सीईपी बंद करायचा पर्याय होता, पण आम्ही त्याला हात न लावता आकडा वर आणत गेलो, वजा १२०, वजा ९०, वजा ७०, प्रत्येक वेळी तोच रेंडर. वजा ५० ला साडेआठ मिनिटं आली, अंडरव्होल्टच्या आधीपेक्षाही अर्धा मिनिट कमी, आणि टेंपरेचर सहा डिग्रीने खाली. तिथेच ठेवलं.

एएमडीच्या रायझन प्रोसेसरवरही हीच चाल असते, तिथे याला क्लॉक स्ट्रेचिंग म्हणतात. कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे रायझनची अंडरव्होल्टची सोय, जास्त खोल नेला की दाखवायचा क्लॉक आणि खरा क्लॉक यांची फारकत होते. एचडब्ल्यूइन्फो नावाच्या प्रोग्राममध्ये इफेक्टिव्ह क्लॉकचा वेगळा रकाना असतो, तो साध्या क्लॉकशी ताडून बघा, पण पूर्ण लोड असतानाच. लॅपटॉप निवांत असताना इफेक्टिव्ह क्लॉक खूप कमी दिसतो कारण कोर झोपलेले असतात, ते बघून घाबरू नका.

उलट बाजूने, जुन्या प्रोसेसरवर आकडा जास्त खोल गेलाय का हे निळ्या स्क्रीनची वाट न बघता कळतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्जच्या सिस्टममध्ये व्हीया-लॉगर (WHEA-Logger) आणि इव्हेंट आयडी १९ शोधा. याचा अर्थ प्रोसेसरने चूक केली आणि स्वतःच दुरुस्त केली. माझ्याकडे वजा १४० ला एका दिवसात अशा चार नोंदी सापडल्या, लॅपटॉप मात्र व्यवस्थित चालत होता. एक जरी दिसली तरी १० ते १५ मिलिव्होल्ट वर या. आणि नवा आकडा तपासताना एफआयव्हीआर खिडकीत खाली व्होल्टेज सेव्ह न करण्याचा पर्याय निवडून ठेवा, क्रॅश झाला तरी रिस्टार्टनंतर जुन्या चांगल्या आकड्यावर येतो.

हे सगळं करूनही थर्मल लालच राहत असेल तर मागचं झाकण उघडा. आमच्या भागातली तांबडी धूळ पावसाळ्याच्या ओलीत पंख्याच्या जाळीवर अक्षरशः लिंपल्यासारखी बसते, फुंकर मारून निघत नाही. मी फॅन काढून सुक्या रंगाच्या ब्रशने खरवडली, पंख्याची पाती बोटाने धरून, कारण ब्लोअरने ती गरगर फिरवली तर बेअरिंग जातं. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली पेस्टही बदलली, चार वर्षांची होती आणि मधोमध पूर्ण कोरडी पडून कडेला ढकलली गेली होती. हीटसिंकचे दोन स्क्रू गंजले होते, ते फिरवताना डोकं झिजू नये म्हणून बरोबर मापाचा स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि स्क्रूवर जे नंबर लिहिलेत त्याच क्रमाने थोडे थोडे आवळा. यानंतर मी आकडा वजा १२५ वरून वजा ११० वर आणला, कारण तेवढ्याची गरजच उरली नव्हती. आता चार्जर भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो, जमिनीपासून चार फूट वर.